राखणदार काय सांगतो आहे?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलतात. आम्ही कुत्र्यावर बोलणार आहोत. मागच्या बाजूला हसू फुटले ते ऐकू आले. हसा, पण ज्याच्या दारात, गोठ्यात किंवा शेतातल्या खोपीवर कुत्रा नाही, अशांनी जरा हात वर करा. दोन-चारच हात दिसतात. मग विषय बाकीच्यांच्या घरचाच आहे.

कृषिमूल्य आयोग ज्वारीचा उत्पादनखर्च काढतो तेव्हा बियाणे, खत, मजुरी, बैलजोडी, सगळ्यांना तक्त्यात जागा असते. ज्वारी हुरड्यात आली की रात्रभर रानडुकरे हाकलणाऱ्या कुत्र्याला त्या तक्त्यात जागा नाही. त्याचा पगार म्हणजे अर्धी भाकरी, तीही उरली तर. आयोगाला आपण नावे ठेवतो; पण हा राखणदार आजारी पडला हे आपल्याला तरी कधी कळते? बहुतेक वेळा तो मेल्यावर, आणि एखाद्या घरात तो पोराला चावल्यावर.

गेली काही वर्षे आमचे काम ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आहे. तुमची काळी कोरडवाहू जमीन, त्यांची डोंगरउताराची भातखाचरे. तिकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तानसा आणि भातसा धरणे शहापुरात आहेत, त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. भाताचे एक पीक निघाले की दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे बिऱ्हाडासकट वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. म्हणजे पिके वेगळी, गरिबी ओळखीची. तिथल्या प्रत्येक पाड्यावर माणसांच्या बरोबरीने कुत्री आहेत. त्यांच्याकडे पाहता पाहता जे समजले आणि शेतकी कॉलेजात शिकलेल्यातले जे उपयोगी पडले, तेवढेच आज सांगतो.

बैलाचे आपल्याला पटकन कळते. सकाळी गव्हाणीत वैरण तशीच राहिली, रवंथ थांबला, नाकपुडी कोरडी पडली, की आपण डॉक्टरला निरोप धाडतो. डॉक्टर येईपर्यंत निम्मे निदान घरच्या म्हातारीने केलेले असते. हे ज्ञान कुठून आले? रोज त्याच बैलाकडे पाहून आले. कुत्र्याच्या बाबतीतही गुपित एवढेच आहे. अमुक लक्षण म्हणजे अमुक रोग, असा तक्ता पाठ करून फारसे साधत नाही. आपला मोत्या रोज कसा वागतो ते माहीत असले पाहिजे, म्हणजे आज तो वेगळा वागला तर लगेच डोळ्यांत भरते.

आधी निरोगी कुत्र्याचा दिवस पाहू. मोठा कुत्रा चोवीस तासांत बारा-चौदा तास झोपेत किंवा डुलकीत असतो. त्याला आळशी म्हणू नका, रात्रपाळी त्याचीच असते. उठला की आधी पुढचे पाय ताणतो, मग मागचे. बसण्यापूर्वी गिरक्या घेतो. मुतल्यावर मागच्या पायांनी माती उडवतो, कारण पंज्यांत गंधाच्या ग्रंथी असतात आणि तो आपली खूण ठेवत असतो. अधूनमधून गवत खातो. गवत खाल्ले म्हणजे पोट बिघडले असे आपल्याकडे सरसकट समजतात, पण बहुतेक कुत्री चांगली असतानाही गवत खातात. गवतही खातो आणि दिवसातून चारदा ओकतो, जेवायला नको म्हणतो, तेव्हा मात्र काळजी करावी. स्वस्थ पडलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला दहा ते तीस वेळा होतो. झोपला असताना पोटाकडे पाहून मोजता येतो, त्याला यंत्र लागत नाही. हिरड्या गुलाबी असाव्यात. अंगाचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्याहून जास्त. तेव्हा हात लावून 'अंग तापले' असे म्हणू नये.

शेपटीविषयी एक गैरसमज आहे. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असे धरून पोरे अनोळखी कुत्र्याच्या अंगाशी जातात. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिले, की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या बाजूला जास्त हलते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या बाजूला. उजवे-डावे तुम्हाला धावत्या कुत्र्यावर दिसणार नाही, आम्हालाही दिसत नाही. पण बाकीचे अंग दिसते. अंग सैल, कंबर सकट हलते आहे, तोंड किंचित उघडे, तर ठीक. शेपूट ताठ वर आणि टोकच तेवढे थरथरते, अंग लाकडासारखे, नजर रोखलेली, तर चार पावले मागे या. शेपूट पायांत, कान मागे, नाक-ओठ पुन्हा पुन्हा चाटणे, झोप नसताना जांभया, मान वळवून डोळ्यांचे पांढरे दाखवणे, हे सगळे भ्यालेल्या कुत्र्याचे बोलणे आहे. तो म्हणतो, लांब राहा. त्याला कोपऱ्यात गाठले तर पळायला वाट नसते, आणि मग तो चावतो. जेवणारा कुत्रा, पिले पाजणारी कुत्री आणि दिवसरात्र साखळीला बांधलेला कुत्रा, या तिघांजवळ लहान पोरांना जाऊ देऊ नये. साखळीवरचा एकाच वर्तुळात येरझाऱ्या घालतो, स्वतःचा पाय चाटून चाटून जखम करतो, वाऱ्यावरही भुंकतो. त्याला चांगला राखणदार समजतात. चोर कोणता आणि पाहुणा कोणता, हे ओळखायची अक्कल मात्र त्याची तिथेच गेलेली असते.

आणखी एक गोष्ट, आयाबायांसाठी मुद्दाम. रात्री कुत्रा रडला की घरात कोणी जाणार, असे म्हणतात. शहापूर-मुरबाडकडेही म्हणतात, तुमच्याकडेही म्हणत असतील. कुत्रे लांबलचक विव्हळते ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुत्र्यांना साद म्हणून, किंवा पिलांपासून, माणसांपासून तुटल्यावर. दुखत असले तरी विव्हळते. दगड मारण्याआधी कंदील घेऊन एकदा त्याचे पाय, कान आणि पोट पाहून या.

बारीकसारीक दुखणी लवकर आटोपतो. एकाच बाजूला मान कलती करून कान फडफडवत राहिला तर कानात गोचीड किंवा पू असतो. ढुंगण जमिनीवर घासत चालला तर शेपटीखालच्या ग्रंथी तुंबल्या असतात किंवा पोटात जंत असतात. केस गळून कातडी जाड, खवलेदार झाली, सारखा खाजवतो, तर लूत. ती माणसालाही काही दिवस खाज आणते. गोचिडांनी भरलेला कुत्रा दोन दिवस सुस्त, हिरड्या पांढऱ्या, ताप, मूत गडद, तर गोचीड ताप धरून चालावे. यात उशीर परवडत नाही. पिलू एकाएकी ओकू लागले आणि रक्ताची दुर्गंधी हगवण लागली, तर पार्व्हो असू शकतो. ते सकाळी धडधाकट असते आणि दोन दिवसांत जाते.

एक गोष्ट मात्र कुत्रा वागण्यातून कधीच सांगत नाही. बोकड कापल्यावर पाण्याच्या गाठी असलेले काळीज-फुप्फुस आपण कच्चेच कुत्र्यापुढे टाकतो. त्यातून त्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. कुत्र्याला काही होत नाही, तो आनंदात असतो. त्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, भाजीला लागून माणसाच्या पोटात जातात आणि काही वर्षांनी यकृतात नारळाएवढी गाठ निघते. तसले आतडे-काळीज खोल पुरावे किंवा जाळावे, आणि कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे.

आता तुमच्या कपाशीकडे येतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्याच विषाने कुत्रीही मरतात, त्यांची नोंद कुठे होत नाही. फवारलेल्या सरीत गारव्याला कुत्रा लोळतो, मग अंग चाटतो. पंप धुतलेले डबक्यातले पाणी पितो. तासा-दोन तासांत तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगाला कंप, पातळ हगवण, मग झटके. हे आपल्या नेहमीच्या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचे लक्षण आहे. हातात जाड मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी चढवून, तोंडापासून जपून, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जा. या विषावर अॅट्रोपिन हे इंजेक्शन आहे, ते वेळेत मिळाले तर जीव वाचतो. आणि हेही लक्षात घ्या की ज्या सरीत कुत्रा लोळून पडला, त्याच सरीत तुमची बायको-पोर निंदणीला बसणार आहे.

लाळ गळते म्हटल्यावर गावात पहिली आरोळी उठते, 'पिसाळला, मारा!' म्हणून पिसाळण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे.

भारतात रेबीजने दरवर्षी अठरा ते वीस हजार माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज बरीच वर्षे सांगितला जात होता. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीवरून २०२४ साली नवा अंदाज आला: वर्षाला ५,७२६ मृत्यू आणि प्राण्यांच्या चाव्याचे सुमारे ९१ लाख प्रसंग. आकडा खाली आला हे चांगलेच झाले. पण लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ कोणालाच सोडत नाही, आणि मरणारांत लहान पोरे फार असतात. उंचीच तेवढी, चावा तोंडावर-मानेवर बसतो. आणि मार बसेल म्हणून ती घरी सांगत नाहीत.

पिसाळलेला कुत्रा म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो फेस गाळत धावणारा, दिसेल त्याला चावणारा. तसाही असतो. पण पहिले दोन-तीन दिवस तो तसा नसतो. तेव्हा फक्त स्वभाव उलटतो. माणसाळलेला कुत्रा कणगीमागे, अंधारात दडतो. रानटी असलेला एकाएकी लाडात येऊन हात चाटू लागतो. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, बदलतो. भाकरी सोडतो आणि माती, काटक्या, चिंध्या चावतो. जुन्या चाव्याच्या जागी खाजवतो. ज्याला मोत्याचा रोजचा दिवस ठाऊक आहे, त्यालाच हे दिसणार; तालुक्याचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी मोत्या काल कसा होता हे त्याला कोण सांगणार?

दुसरा प्रकार मुका. हा जास्त फसवतो. कुत्रा चावत नाही, अंगावर येत नाही. खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. घरधन्याला वाटते घशात हाडूक अडकले, आणि तो दया येऊन तोंडात हात घालतो. गाई-म्हशींतही हेच होते. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर काही आठवड्यांनी म्हैस लाळ गाळते, वैरण सोडते, घोगरी हंबरत राहते, आणि आपण घशात काही अडकले म्हणून हात घालतो किंवा नळीने काढा पाजतो. लाळ गळणाऱ्या कोणत्याही जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही, एवढे प्रत्येक घरात सांगा. विषबाधा बहुधा तासांत येते, रेबीज दिवसागणिक चढतो. पण दारात उभ्या शेतकऱ्याने शंका असेल तिथे रेबीजच धरावा. अशा म्हशीचे दूध कच्चे पिऊ नये. उकळलेले कोणाच्या पोटात गेले असेल तर घाबरू नये, उकळीत हा विषाणू टिकत नाही. गुराला चावा बसला असेल तर त्यालाही लस असते, तीही लगेच सुरू करावी लागते.

चावा बसला तर काय? जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची, घड्याळ लावून. चुना, तिखट, हळद, तंबाखू काही भरायचे नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. म्हातारी माणसे अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांना भितात. ती जुनी लस देशात २००४ सालीच बंद झाली. आता सुई दंडात बसते. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात, ती पहिला, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा. तारखा चुकवायच्या नाहीत. कातडी फाटून रक्त आले असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागते. 'सीरम इथे नाही, पुढे जा' असे सांगून रात्री नऊ वाजता माणसाला परत पाठवले जाते, हे आम्ही पाहिले आहे. असे सांगणाऱ्याकडून, सीरम कुठे मिळेल ते लिहून मागा.

चावलेला कुत्रा मारून टाकू नका. त्याला सुरक्षित बांधून दहा दिवस पाहा. चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू असेल, तर दहा दिवसांत तो आजारी दिसतो आणि मरतो. दहाव्या दिवशी भाकरी खाऊन शेपूट हलवत असेल, तर चाव्यातून रेबीज आला नाही. सुया मात्र तोवर थांबवायच्या नाहीत. गाव कुत्रा मारून ओढ्यात फेकतो आणि ही खात्रीच हातची घालवतो.

शहापूर-मुरबाडच्या लोकांना आणखी एक भाषा येते, ती बिबट्याची. सह्याद्रीपलीकडे, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (वऱ्हाडातले अकोला नव्हे), डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. त्याच्या खाण्यात पाळीव जनावरांचा वाटा ८७ टक्के, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळीपेक्षा कुत्रा त्याला सोपा जातो, कारण शेळी आपण रात्री आत घेतो. पाड्यावरची माणसे सांगतात की कोल्ह्यावर कुत्रा अंगणाच्या टोकाला जाऊन भुंकतो; बिबट्या असला की उंबऱ्याशी येऊन, केस उभे करून, शेपूट घालून तुटक भुंकतो, किंवा अजिबात गप्प होऊन दाराला अंग घासतो. अशा वेळी 'गप रे' म्हणून त्याला हाकलण्याऐवजी दार उघडून आत घ्यावे आणि पोरांना परसाकडे जाऊ देऊ नये. शेतात खुंट्याला बांधून ठेवलेला कुत्रा राखण करत नाही, तो बिबट्याला आमंत्रण देतो.

वीटभट्टीवर गेलेल्यांची कुत्री बऱ्याचदा मागेच राहतात. पहिले आठ दिवस ती बंद झोपडीच्या दारात बसतात, मग वाळतात, मग टोळीने रस्त्यावर येतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम करतो. त्यांनी २०१६ साली दाखवले, की अशा शंभर पिलांपैकी एकोणीसच सात महिने जगतात आणि मरणाऱ्यांतले बहुतेक माणसाच्या हातून, गाडीखाली, विषाने जातात. त्यांचाच दुसरा अनुभव असा, की अनोळखी कुत्र्याला खाऊपेक्षा मायेने पाठीवर फिरवलेला हात जास्त लवकर जवळ आणतो. याचा अर्थ भटक्या कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवा असा घेऊ नका. अर्थ असा, की रोज हात फिरवलेला घरचा कुत्रा लस टोचताना धरू देतो.

मारून कुत्री कमी होत नाहीत, मोकळ्या जागी दुसरी येतात. वाढण्याची कारणेही आपल्यापाशीच आहेत. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे संपली, त्या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर मेलेली ढोरे खायला कुत्रीच उरली. गावातल्या शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस बसली तर रेबीजची साखळी तुटते. गोव्याने घरोघर आणि गल्लोगल्ली कुत्री टोचून हे केले आणि २०२१ साली तो रेबीज-नियंत्रित प्रदेश जाहीर झाला. देशाचा आराखडाही २०२१ चाच आहे, उद्दिष्ट २०३०. आराखडा दिल्लीत आहे, कुत्रा तुमच्या दारात आहे.

तेव्हा कामाचे बोलू. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, टोळ्या भांडतात, चावे वाढतात. पोळा त्याच्या ऐन आधी येतो. बैल धुवायला सगळे गाव त्या दिवशी हजर असते. त्याच आठवड्यात, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी पत्र देऊन, कुत्र्यांची लसटोचणी लावता येईल. तीन महिन्यांवरचे प्रत्येक पिलू धरायचे, पुढे दरवर्षी. दवाखाना किती कुत्री म्हणून विचारेल आणि आपल्यापाशी आकडा नसेल, तर पत्र टेबलावर राहील. म्हणून जेवणाच्या सुट्टीत डाव्या हाताच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. गावाचे नाव, घरची कुत्री किती, बिनमालकाची अंदाजे किती, गेल्या वर्षात चावे किती, एवढे चार आकडे लिहा. ज्यांना आकडा ठाऊक नाही त्यांनी नुसते गावाचे नाव लिहा आणि पुढच्या बैठकीला मोजून या.